गोव्यात बॅचलरेट 'वाईन टूर' काढताय? तिथे द्राक्षाचे मळे नाहीत, मग काय आहे?

लग्न ठरलं की हल्ली दोन व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतात. एक घरच्यांचा. त्यात हॉल, केटरर आणि मानपानाच्या साड्या. दुसरा मैत्रिणींचा, आणि त्यात पहिल्याच दिवशी कुणीतरी एक शब्द टाकतं, "गोवा?"

पुढचं ठरलेलं असतं. कुणीतरी इटलीतली रील टाकतं. हिरवेगार मळे, पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली, हातात वाईनचे ग्लास. "आपण पण अशीच वाईन टूर करूया ना!" सगळ्यांचे बदाम येतात, व्हिला बुक होतो, टी-शर्ट छापायला जातात. आणि निघायच्या आठवडाभर आधी कुणीतरी मॅपवर 'वाइनयार्ड' शोधतं, तर समोर येतात वाईन शॉप.

कारण सरळ आहे. गोवा हा द्राक्षांचा प्रदेशच नाही.

पण म्हणून टूर रद्द करायची गरज नाही. गोव्यात एका फळापासून पेय तयार होताना झाडापासून ग्लासापर्यंत बघता येतं. ते फळ द्राक्ष नाही, काजू आहे. मात्र ते बघायचं तर तारीख, गाडी आणि ग्लासाचा हिशोब, या तिन्ही गोष्टी इटलीच्या रीलपेक्षा वेगळ्या पद्धतीने ठरवाव्या लागतात.

गोव्यात द्राक्षं का होत नाहीत?

वाईनच्या द्राक्षाला कोरडी हवा लागते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असेल तर उत्तमच. नाशिकचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, पाऊस बेताचा आहे आणि हिवाळ्यात रात्री चांगल्याच थंड होतात. म्हणून तिथे वाईनचा धंदा उभा राहिला. गोव्यात याच्या उलट. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस आणि बाकीचे महिने दमट हवा. अशा हवेत वेलीवर बुरशी आधी येते, घड नंतर.

"मग गोव्याची पोर्ट वाईन कुठून आली?" हा पुढचा प्रश्न. गोव्यातल्या दुकानात स्वस्तात मिळणारी ती गोड लाल वाईन बाटलीत गोव्यात भरली जाते, पण तिची द्राक्षं बहुतेक घाटापलीकडून, महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येतात. खरी पोर्ट ही पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. तिथल्या वाईन प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. वाईन आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाची ब्रँडी घालतात, त्यामुळे आंबणं थांबतं आणि साखर शिल्लक राहते. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीतून गोव्यात नाव राहिलं, चवीची आठवण राहिली. मळे मात्र कधीच आले नाहीत.

त्यामुळे द्राक्षाच्या वेलींमध्येच फोटो हवे असतील तर ग्रुपने समुद्र सोडून नाशिकची गाडी पकडावी. समुद्रही हवा आणि 'टूर'ही हवी असेल तर पुढे वाचा.

काजूच्या भट्टीवर नेमकं काय बघायला मिळतं?

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. आपण खातो तो काजू म्हणजे बी. तिच्या वर असतं ते लाल-पिवळं रसाळ बोंडू. कोकणातल्या कुठल्याही मुलाला त्याचा घशात खवखवणारा तुरट रस माहीत असतो, आणि शर्टावर पडलेले त्याचे डाग आईला.

फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून खाली पडलेलंच वेचतात. बी पिरगाळून वेगळी करायची आणि बोंडू दगडात कोरलेल्या उथळ कुंडात टाकून पायाने तुडवायचे, ही जुनी रीत. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे. तुडवून उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो स्वच्छ, गोड रस झिरपतो त्याला नीरो म्हणतात. यात दारूचा अंश नसतो. सकाळी ताजा प्यायला तरच मजा, कारण उन्हं चढली की तो आंबायला लागतो.

बाकीचा रस साधारण तीन दिवस आंबवतात. बाहेरून यीस्ट वगैरे काही घालत नाहीत. आता खरं तर या टप्प्यावर जे तयार होतं ती काजूची वाईनच! पण गोवेकर तिथे थांबत नाहीत. तो रस भांड्यात भरून खाली लाकडं पेटवतात आणि वाफ नळीतून थंड करून दुसऱ्या भांड्यात उतरवतात. पहिल्या धारेची ती हुर्राक. कुणी उर्राकही म्हणतं. हीच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवली की दुसऱ्या खेपेला उतरते ती फेणी. हुर्राक साधारण १५ टक्के अल्कोहोलची, फेणी ४० ते ४५ टक्क्यांची.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान दिला. वास उग्र असतो, हे मान्य. पहिल्या वेळी नाक मुरडणारी मैत्रीण ग्रुपमध्ये हमखास असते. दुसऱ्या दिवशी बाटली कुठे मिळते हे विचारणारीही बहुधा तीच.

सगळ्यात आधी तारीख बघा

इथेच बहुतेक ग्रुपची गडबड होते. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. मार्च-एप्रिल हा त्याचा भर. हुर्राक टिकत नाही, म्हणून ती याच दोन-अडीच महिन्यांत मिळते. जूनमध्ये पाऊस लागला की भट्ट्या बंद.

आपल्याकडे लग्नाचे दोन मोठे मोसम. एक तुळशीच्या लग्नानंतरचा, दुसरा एप्रिल-मेचा. उन्हाळ्यात लग्न असेल तर नशीब जोरावर आहे, मार्चमधला एखादा शनिवार धरा. नोव्हेंबर-डिसेंबरची नवरी असेल आणि पार्टी ऑक्टोबरमध्ये ठरली असेल, तर जळती भट्टी आणि ताजा नीरो मिळणार नाही. कुणी एजंट 'लाइव्ह फेणी मेकिंग'चं पॅकेज ऑक्टोबरमध्ये विकत असेल, तर नेमकं काय दाखवणार ते आधी विचारून घ्या.

हिवाळ्यातल्या नवरीसाठी वेगळे पर्याय आहेत. एक म्हणजे माडाची फेणी. ती नारळाच्या झाडाच्या माडीपासून बनते आणि माडी वर्षभर काढली जाते, त्यामुळे तिला काजूसारखा हंगाम नाही. ती मुख्यतः दक्षिण गोव्यातली. कासावलीच्या 'फझेंडा काझुलो'मध्ये फेणी चाखण्याचा कार्यक्रम ठेवतात. कांदोळीत 'ऑल अबाऊट अल्कोहोल' नावाचं अख्खं संग्रहालयच आहे, तिथे जुनी भांडी, मापं आणि फेणी साठवायचे काचेचे मोठे गोल बुधले बघायला मिळतात. फोंड्याच्या आसपासच्या मसाल्याच्या बागा तर बारमाही. फेरफटका, केळीच्या पानावरचं जेवण आणि सुरुवातीला छोटासा फेणीचा घोट. आठ-दहा जणींच्या ग्रुपमध्ये ज्यांना दारूत रस नाही त्यांनाही हा दिवस आवडतो, म्हणून हिवाळ्यात हा पर्याय सगळ्यात सोपा.

किनाऱ्यावर नाही, आत जायचं

काजूच्या बागा कळंगुट-बागाच्या गर्दीत नाहीत. त्या आत, डोंगरउतारावर आहेत. उत्तरेला सत्तरी आणि डिचोली, दक्षिणेला सांगे आणि काणकोण. पणजीहून सत्तरीतल्या वाळपईकडे जायला तास-सव्वा तास धरा. किनाऱ्यावरच्या व्हिलातून निघणार असाल तर आणखी जास्त.

दोन रात्रींच्या सहलीत मधला शनिवार या कामाला द्यावा. शुक्रवारी रात्री जागरण करून शनिवारी बाराला उठलात तर नीरो गेला आणि भट्टीवरचं सकाळचं कामही गेलं. म्हणून मोठी पार्टी शनिवारी रात्री ठेवा, शुक्रवारी लवकर झोपा. हा सल्ला ग्रुपमध्ये कुणालाच आवडत नाही, पण सकाळी आठला निघालेला ग्रुप दुपारच्या उन्हाआधी सगळं बघून जेवायला टेकलेला असतो. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता पेटत्या भट्टीशेजारी उभं राहणं म्हणजे काय, हे तिथे गेल्यावरच कळतं.

आणि एक लक्षात ठेवा. बऱ्याच भट्ट्या म्हणजे पर्यटनस्थळ नसतं. तो एखाद्या कुटुंबाचा हंगामातला रोजगार असतो आणि त्यासाठी अबकारी खात्याचा परवाना घेतलेला असतो. मुक्कामाच्या ठिकाणच्या यजमानांकडून किंवा स्थानिक गाईडकडून आधी विचारून जा. हळद लागायच्या आधीची नवरी बोंडू तुडवतेय, हा फोटो भारी येईल यात वाद नाही, पण आधी परवानगी घ्या आणि त्या माणसांचे चेहरे विचारल्याशिवाय रीलमध्ये टाकू नका.

"हुर्राक हलकी असते गं" हे खरं आहे का?

या एका वाक्याने जितक्या सहली बिघडल्या असतील तितक्या पावसानेही बिघडल्या नसतील. हुर्राक लिंबाच्या सोड्यात, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. थंडगार, आंबट, सरबतासारखी. त्यामुळे ग्लास कधी रिकामा झाला ते कळत नाही.

आता हिशोब करूया. हुर्राक १५ टक्के धरली तर १८० मिलीमध्ये शुद्ध अल्कोहोल होतं २७ मिली. फेणीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते साधारण १३ मिली असतं. म्हणजे हुर्राकचा एक मोठा ग्लास हा फेणीच्या दोन छोट्या पेगइतका. असे तीन ग्लास म्हणजे सहा पेग! आणि १२ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास घेतला तर त्यात १८ मिली. 'हलकी' हुर्राक वाईनपेक्षा दीडपट जड पडते ती अशी.

शरीर तासाला साधारण १० मिलीच्या आसपास अल्कोहोल निकामी करतं. माणसागणिक फरक पडतो, पण वेग वाढवायचा उपाय नाही. लिंबूपाणी, कॉफी, समुद्रात डुबकी, यातल्या कशानेच नाही. दुपारी एकच्या जेवणाबरोबर तीन ग्लास घेतलेल्या मुलीच्या रक्तातून ते उतरायला रात्रीचे नऊ वाजतात. संध्याकाळी पाचला "आता मी एकदम ओके आहे" म्हणत स्कूटीची किल्ली मागणारी हीच ती.

म्हणून फेणी चाखताना छोटे घोट, मध्ये पाणी, आणि आधी पोटात जेवण. आवडली नाही तर ग्लास ओतून द्यायला लाजू नका. जगभर वाईन चाखणारे व्यावसायिक थुंकूनच टाकतात.

गाडी कोण चालवणार?

उत्तर एकच, तुमच्यातली कुणीही नाही.

मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १५,००० रुपये आणि दोन वर्षांपर्यंत. साधारण ५५ किलो वजनाच्या मुलीच्या बाबतीत एका छोट्या पेगनेही ही मर्यादा गाठली जाऊ शकते. त्यामुळे "मी एकच घेईन आणि चालवेन" हा हिशोब इथे चालत नाही.

मुंबई-पुण्याच्या सवयीने ओला-उबर शोधू नका, गोव्यात त्या चालत नाहीत. 'गोवा माइल्स' हे टॅक्सीचं अॅप आहे, पण आतल्या गावात परतीची गाडी मिळेल या भरवशावर जाऊ नये. शनिवारच्या पूर्ण दिवसासाठी चालकासह मोठी गाडी आधीच ठरवा. रक्कम डोईजड वाटते, पण दहा जणींत भागली की रात्रीच्या एका कॉकटेलइतकी होते. भाड्याची स्कूटी किंवा कार घ्यायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी, शुद्धीत, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पकडल्यावर अडकता तुम्ही.

समुद्राचंही तसंच. प्यायल्यावर पाण्यात उतरायचं नाही. लाल झेंडा असेल तर न पिताही नाही.

वय आणि बाटली, इथे घोळ होतो

गोव्यात पिण्याचं कायदेशीर वय १८ आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१, हार्ड लिकरसाठी २५ आणि वर परवाना. ग्रुपमध्ये नवरीची धाकटी बहीण किंवा होणारी नणंद एकोणीस-वीस वर्षांची असेल तर गोव्यात तिला हरकत नाही, पण गाडीने जाताना वाटेत सावंतवाडीला थांबून "थोडंसं" घेतलं तर तिथे महाराष्ट्राचा कायदा लागतो.

बीचवर बाटली घेऊन बसणं सिनेमात छान दिसतं. गोव्यात २०१९ पासून किनाऱ्यावर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं किंवा स्वयंपाक मांडणं हा दंडाचा विषय आहे. २०१९ च्या नियमात एकट्याला २,००० रुपये आणि ग्रुपला १०,००० रुपये दंड होता. शॅकमध्ये बसून प्यायला अडचण नाही. व्हिलामध्ये रात्री दहानंतर बाहेर मोठ्याने गाणी लावता येत नाहीत. शेजारी गोव्याची माणसं राहतात, त्यांना सकाळी कामाला जायचं असतं. व्हिला पर्यटन खात्याकडे नोंदवलेला आहे का, हेही बुक करतानाच विचारा.

आणि परतीची बाटली! सगळ्यात जास्त गैरसमज इथे. विमानाच्या नियमानुसार २४ ते ७० टक्के अल्कोहोलचं मद्य सीलबंद बाटलीत, चेक-इन सामानात, माणशी पाच लिटरपर्यंत नेता येतं. फेणी त्यात बसते. पण तो झाला विमानाच्या सुरक्षेचा नियम. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा वेगळा आहे आणि परवान्याशिवाय गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं त्या कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात ते यासाठीच. नवऱ्या मुलासाठी 'गिफ्ट' म्हणून दडवलेल्या चार बाटल्यांपायी लग्नाच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात बसायची वेळ येऊ नये. आणायचीच असेल तर अबकारी खात्याकडून रीतसर परवाना काढा, नाहीतर काजूगर आणा. काजूगराला कुणी अडवत नाही.

न पिणाऱ्या मैत्रिणीचं काय?

दहा जणींच्या ग्रुपमध्ये दोघी-तिघी तरी न पिणाऱ्या असतात. कधी खुद्द नवरीच पीत नाही आणि ग्रुपच्या उत्साहापुढे ते बोलत नाही. त्यामुळे बुकिंगच्या आधी तिला वेगळा फोन करून विचारा, ग्रुपवर नको. तिथे ती "चालेल गं" असंच लिहिणार.

सकाळचा नीरो, जेवणाबरोबर सोलकढी, संध्याकाळी कोकम सरबत, एवढं आधी सांगून ठेवलं तरी या मुलींना कोपऱ्यात बसून फोन बघावा लागत नाही. मात्र त्यांना फुकटची ड्रायव्हर किंवा रात्रभरची नर्स करू नका. त्याही सुट्टीवर आल्या आहेत.

खर्चाचंही आधी ठरवा. राहणं आणि गाडी सगळ्यांत समान, नवरीचा वाटा बाकीच्यांत, आणि दारूचं बिल फक्त पिणाऱ्यांत. एका फळीत सगळं भागलं की न पिणारी मुलगी तोंडावर काही म्हणत नाही, पण लग्नाच्या स्टेजवर फोटोला येताना तिचा चेहरा सगळं सांगतो. ऐनवेळी गळणाऱ्यांचे पैसे परत द्यायचे की नाही, हेही पहिल्या मेसेजमध्येच लिहून टाका.

राहिला प्रश्न घरी काय सांगायचं याचा. तसं पाहिलं तर लग्नाआधी नवरीला जेवायला बोलावून कौतुक करायची आपली जुनी रीत आहेच, तिला केळवण म्हणतात. मैत्रिणींनी ते गोव्यात केलं, एवढंच. काजूच्या बागेत, केळीच्या पानावर जेवण असलेला फोटो घरच्या ग्रुपवर आधी टाका. बाकीचे फोटो कुठे टाकायचे आणि कुठे नाही, हे निघण्याच्या आधी नवरीला विचारून ठरवा, कारण होणाऱ्या सासूबाईही हल्ली इन्स्टाग्रामवर असतात.